मुरुडशेंगेचा पीळ

बाग म्हटली की गुलाब, मोगरा, शेवंती यांचीच नावे आपल्या ओठांवर येतात. माझ्या अंगणात त्यांतले फारसे काही नाही. माझ्याकडे आहेत तरवड, धायटी, कुडा आणि मुरुडशेंग! वाईजवळच्या आमच्या घरी येणारा पाहुणा ही झुडपे पाहून हसतो आणि विचारतो, "रान विकत घेतलंत की काय?" विकत कसले? ही सारी मंडळी बियांतून माझ्या हाताखाली वाढली आहेत.

प्रत्येक बीचा स्वभाव निराळा. तरवडाचे बी मोठे हट्टी. नुसते मातीत टाकले तर कठीण कवचाआड ढिम्म बसून राहते. मी ते खरखरीत कागदावर थोडे घासते, रात्रभर भिजत घालते आणि फुगलेले दाणे तेवढे पेरते. कुड्याच्या बीला रेशमी केसांचा झुपका असतो. जोडशेंगा तडकल्या की स्वारी वाऱ्यावर बसून पसार! म्हणून शेंगा पिकू लागताच त्यांना फडके बांधावे. धायटीचे बी धुळीसारखे बारीक. ते पुरायचे नाही; ओल्या मातीवर नुसते भुरभुरायचे आणि वरून पाणी न ओतता कुंडीच पाण्याच्या परातीत ठेवायची.

एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. अहो, या झुडपांनी आपल्या कितीतरी पिढ्यांचे संसार सांभाळले आहेत. नवरात्रात घटाला तरवडाच्या पिवळ्याधमक फुलांची माळ चढते. तेलंगणात तीच फुले बतकम्मेत रचतात. तिथले ते राज्यपुष्पच आहे. तरवडाच्या सालीने चांभारांनी कातडी कमावली. धायटीची लाल फुले घातल्यावाचून वैद्यांची आसवे-अरिष्टे आंबत नसत. कुड्याची कडू साल हगवणीवर, तर त्याच्या पांढऱ्या फुलांची भाजी कोकणातल्या पानात. आणि मुरुडशेंग? तिच्या सालीच्या वाखाचे दोर वळत, आणि ती पीळदार शेंग प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीत बाळगुटीच्या डब्यात असे.

या शेंगेवरूनच गेल्या वर्षी आमच्या घरात थोडा पेच पडला. नात जन्मली. मी हौसेने सहाण धुऊन ठेवली, घरच्या झाडाची शेंग काढली. सूनबाई हळूच म्हणाली, "आई, डॉक्टरांनी सहा महिने फक्त अंगावरचं दूध सांगितलंय. पाणीसुद्धा नाही."

क्षणभर मला वाटले, आजीच्या हातून आलेला धागा इथे तुटला. पण सून बोलली ते खरे होते. तान्ह्या पोटात सहाणेवरून काय काय जाईल, हे आज आपल्याला ठाऊक आहे. आजीला बाळाच्या पोटाची काळजी होती, तीच सुनेलाही होती. मी सहाण उचलून ठेवली.

पण रात्री एक विचार मनातून जाईना. आपण झाडाला उपयोगाने ओळखतो. उपयोग सरला की ओळखही सरते, आणि अनोळखी झुडूप तोडताना कुणाचा हात थबकत नाही. आमच्या मागच्या टेकडीवर उन्हाळ्यात वणवा लागतो, तेव्हा "गवत जळतंय" एवढेच लोक म्हणतात.

मग उत्तर झाडानेच दिले. पावसाळ्यात मुरुडशेंगेला लालभडक फुले आली. जुनी होता होता ती निळसर राखी पडत. शिंजीर पक्षी दिवसभर त्यांच्यात चोच घालून मध पीत होता. त्याला गुटीचे काय? झाड आपले जगणे कुणाच्या डब्यासाठी जगत नव्हते. नात मांडीवर बसून त्याच्याकडे टक लावून पाही.

यंदा सूनबाईनेच विचारले, "याचं बी कधी पेरायचं?" मी सांगितले: आता दिवाळीत शेंगा हिरव्या आहेत. त्या वाळून काळपट झाल्या की बी काढायचे, उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून ते निवेपर्यंत ठेवायचे, आणि वळवाचा पाऊस पडला की पेरायचे. मागे माझ्या वीस दाण्यांतले सात उगवले होते. सात काही थोडे नव्हेत.

आम्ही दोघी मिळून ती रोपे टेकडीवर लावणार आहोत. नातीला पीळदार शेंग हातात द्यायची आहे, खेळायला. नाव मात्र तिला नीट शिकवायचे.