उत्पन्नाचा दाखला

निकाल लागून गुणपत्रिका मुलांच्या हाती पडल्या, की आमच्या ओटीवर सतरंजी अंथरली जाते. महाविद्यालयातून निवृत्त झाल्यापासून हा माझा परिपाठच होऊन बसला आहे. सकाळी नऊपासून माणसे येऊ लागतात. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी असते आणि तिच्यात घरातले झाडून सगळे कागद: शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, विजेचे बिल, क्वचित आजोबांच्या नावाचा जीर्ण सातबारा. पिशवीची गाठ सोडता सोडता बहुतेक बाप एकच वाक्य बोलतात, "सर, काय लागतंय ते तुमीच काढून घ्या." त्या वाक्यात विश्वास असतो तशी शरणागतीही असते, आणि ती मला आजही अस्वस्थ करते.

काम तसे रुक्ष आहे. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीचा, त्याआधी तलाठ्याचा अहवाल. जातीचा दाखला प्रांतांचा. मध्ये एखादे वर्ष शिक्षण सुटले असेल, तर त्या खंडाचे प्रतिज्ञापत्र. शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावर भरावे लागतात. बँकेचे खाते आधारशी जोडलेले नसेल, तर मंजूर झालेला पैसाही वाटेत अडकून पडतो. वडिलांचे नाव एका कागदावर 'बाळू' आणि दुसऱ्यावर 'बाळासाहेब' असल्याने परत आलेले अर्ज मी पाहिले आहेत. परंतु हे सारे विचारपूस करून, चार हेलपाटे घालून निभावते. माणूस खरा अडतो तो एकाच रकान्यापाशी. 'कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न' असे त्या रकान्याचे नाव आहे.

त्या रकान्यापाशी मी प्रथम उभा राहिलो तो १९६४ साली. वडील शिंपीकाम करीत. आमच्या दोन खोल्यांच्या घरात एक शिलाई यंत्र आणि दोन मुले, मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी बहीण. त्या काळी आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना मिळणारी फीमाफी लोकांच्या तोंडी 'बाराशेची सवलत' म्हणून रूढ होती. वर्षाचे उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असले पाहिजे. मला महाविद्यालयात घालायचे ठरले आणि वडील मला घेऊन तलाठ्याकडे गेले. चावडीत गावची चार माणसे बसलेली होती. त्यांतल्या दोघांचे सदरे वडिलांनीच शिवले होते. तलाठ्याने विचारले, "महिन्याला किती सुटतात?" वडिलांनी क्षणभर त्या माणसांकडे पाहिले आणि म्हणाले, "सव्वाशे तरी सुटतातच की."

महिना सव्वाशे म्हणजे वर्षाचे पंधराशे. सवलत तिथेच संपली. खरा आकडा ऐंशीच्या वर कधी गेला नव्हता. हे मला नक्की ठाऊक होते, कारण शिलाईची वही मीच लिहीत असे. मी शेजारीच उभा होतो आणि गप्प राहिलो. खरे सांगायचे तर, चारचौघांत वडिलांनी मान खाली घातली नाही याचा मला थोडा अभिमानच वाटला. त्या अभिमानाची किंमत मी भरली नाही. पुढल्या जूनमध्ये बहिणीची शाळा सुटली. ती घरी बसून काज-बटण करू लागली आणि त्या पैशांतून माझी फी जाऊ लागली.

गेल्या वर्षी एक गवंडी आपल्या मुलीला घेऊन आले. मुलीला बारावीला उत्तम गुण होते. जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात राहून तिला पदवीचे शिक्षण घ्यायचे होते. अनुसूचित जातीतील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारत सरकारच्या शिष्यवृत्तीला अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. मर्यादा ओलांडली तरी फी माफ होऊ शकते, पण निर्वाह भत्ता मिळत नाही. आणि परगावी राहणाऱ्या मुलीचा सगळा प्रश्न त्या भत्त्याचाच असतो. मी उत्पन्न विचारले. गवंडी म्हणाले, "रोज आठशे. म्हंजे म्हैन्याला चोवीस हजार." वर्षाचे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार झाले. त्यांच्या आवाजात तोच चावडीतला सूर होता. थोरल्या मुलीची सोयरीक चालली होती. दाखल्यावर कमी आकडा दिसला तर पाहुणे काय म्हणतील, हेही त्यांनी हळूच सांगितले.

मी काही बोलणार तोच मुलगी म्हणाली, "आप्पा, काम रोज कुठं असतंय? पावसाळ्याचं चार म्हैनं म्हैन्याला धा दीस धरा. बाकीचं वीस." आणि तिने माझ्या समोरच्या कागदावर हिशेब मांडला. चाळीस आणि एकशे साठ, दोनशे दिवस. एक लाख साठ हजार. तोंडी नव्हे, ती घरी वहीत रोजचा खाडा लिहून ठेवीत होती. गवंडी खाली बघत राहिले. मग पुटपुटले, "सरकारचं फुकाटचं खायचं म्हंजे..." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाबासाहेबांनीबी शिष्यवृत्ती घेतलीच हुती न्हवं?"

मी इतिहास शिकवला. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड दिले आणि त्या बदल्यात दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून घेतला, हे मी वर्गात कितीदा तरी सांगितले असेल. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, आताच्या या शिष्यवृत्तीचा आरंभ झाला, हेही सांगितले असेल. ते मी परीक्षेपुरते सांगत आलो. त्या मुलीने ते घरच्या गोष्टीसारखे सांगितले, आणि तिच्या वडिलांनी पेन मागून घेतले. स्वयंघोषणापत्रावर त्यांनी सावकाश सही केली.

आता कोणी आकडा सांगू लागले, की मी आधी किती दिवस काम लागले ते विचारतो. खत, बियाणे, उसनवारीचे व्याज विचारतो. आकडा कमी करून देण्याचा आग्रह धरणारेही येतात. त्यांना नकार देतो. खरा हिशेब मांडणे एवढेच माझे काम आहे, आणि ते ओटीवर चारचौघांत न करता माजघरात करतो.

बहीण आता माझ्याकडेच असते. संध्याकाळी सतरंजी झटकून घडी घालताना ती नेमाने विचारते, "दादा, आज किती जणांचं झालं?" मी आकडा सांगतो. १९६४ च्या त्या सकाळी वहीतला खरा आकडा मला ठाऊक होता, हे मात्र मी तिला अजून सांगितलेले नाही.