चुंबळ

मृग लागायच्या आधी आमच्या घरात एक काम ठरलेलं असतं. भिंतीवरची अकरा तैलचित्रं एकेक करून उतरवायची, मऊ ब्रशनं मागची धूळ झाडायची, चौकटीच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी जागेवर आहेत ना ते पाहायचं. बाहेरच्या भिंतीवरची चित्रं आतल्या भिंतीवर घ्यायची आणि प्रत्येक फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामधून वारा खेळतो. जव्हारचा पाऊस चार महिने घरात मुक्कामालाच असतो. ओलीनं कॅनव्हास सैल पडतो, थंडीत पुन्हा आक्रसतो. वरच्या वाळलेल्या रंगाला तसं ताणता येत नाही, आणि मग भेगा जातात. बुरशी मागच्या बाजूनं केव्हा चढते ते कळतही नाही. सगळ्यात शेवटी मी दोन चित्रं उतरवते. ती कायम शेजारी शेजारी असतात. माझा संग्रह त्या दोघींपासून सुरू झाला.

१९९९ साल. मोखाड्याच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवत होते. मुंबईला गेलं की पाय जहांगीर कलादालनाकडे, नाहीतर जे. जे.च्या आवाराकडे वळायचेच. त्या वर्षी जे. जे.च्या वार्षिक प्रदर्शनात एका विद्यार्थ्याच्या चित्रापुढे थांबले. डोक्यावरच्या फळीवर कच्च्या विटा घेतलेली बाई, मागे भट्टीचा धूर, गालावर तांबूस उजेड. दिवाळी झाली की आमच्या पाड्यांवरची कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात. माझ्या वर्गातली बाकं दर वर्षी तशीच ओस पडायची. चित्रातली बाई मला त्या मुलांपैकी कुणाची तरी आई वाटली. किंमत साडेचार हजार होती. तो मुलगा तीन हप्त्यांना तयार झाला.

रंग अजून पुरता वाळला नव्हता. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेत घेत ते घट्ट होतं, आणि जाड थराला त्यासाठी महिने लागतात. म्हणून रंगाला काही टेकणार नाही अशा बेतानं कोपऱ्यांना ठोकळे लावून, वर पुठ्ठा बांधून, कसाऱ्याहून खोडाळ्यामार्गे एसटीत ते चित्र मांडीवर उभं धरून आणलं. घाटातल्या प्रत्येक वळणाला मी त्या बाईचा तोल सांभाळत होते.

घरी कामाला येणाऱ्या मावशी तिच्यासमोर हातातलं फडकं तसंच धरून उभ्या राहिल्या. त्यांनी कित्येक हंगाम भट्टीवर काढले होते. मी वाट पाहत होते, त्यांना काय वाटतं याची.

"बाई, हिची चुंबळ कुठं आहे?"

मी पाहिलं. फळी थेट केसांवर टेकली होती.

"आणि ओझं घेतल्यावर मान अशी नाही वळत. वळायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. हिच्या डोक्यावर काहीच नाही, बाई."

मला ते लागलं. मानवाकृतीचा अभ्यास मी केला होता, मानेचे स्नायू कागदावर काढले होते, आणि तरी ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. त्या मुलानं स्टुडिओत बसलेल्या मॉडेलवरून आकृती काढली असणार आणि विटा मागाहून रंगवल्या असणार. रात्री पुन्हा चित्रापुढे बसले. रंग सुंदर होता, उजेड सुंदर होता, पण वजन कुठंच नव्हतं.

त्यानंतर आमच्याकडच्या चित्रांचा मी वेगळा विचार करू लागले. वारली चित्रातली बाई दोन त्रिकोणांची. तिच्या डोक्यावरच्या हंड्याखाली चुंबळ कुणी शोधत नाही. तिला नाक-डोळे नसतात, कारण ती कुणी एक बाई नाही. ती सगळ्यांमधली आहे, तारप्याभोवती फिरणाऱ्या फेरातली आहे. चेहरा दिसतो तो मोखाड्याच्या बोहाड्यात, मुखवट्यांवर, आणि तो देवांचा, दैत्यांचा. वीट वाहणाऱ्या एका बाईला तिचा स्वतःचा चेहरा आणि तिचं वजन असलेलं शरीर द्यायचं काम तैलरंग करतो. पण एकदा ते कबूल केलं, की चुंबळीचाही हिशेब द्यावा लागतो.

हे सगळं मी त्या चित्रकाराला पत्रानं कळवलं. तो रागावेल असं वाटलं होतं. एप्रिलमध्ये तो स्केचबुक घेऊन मोखाड्याला आला. मुंबईला पाणी पाजणारी वैतरणा आमच्याच मुलखातून वाहते, आणि उन्हाळ्यात आमच्या बाया हंड्यासाठी मैलभर चालतात. तीन दिवस तो विहिरीच्या वाटेवर बसला. मावशी त्याच्यासाठी भरले हंडे घेऊन उभ्या राहिल्या आणि मधूनच त्याला दटावत राहिल्या, "आधी मान बघ, मग तोंड काढ." जाताना त्यांनी आपली जुनी चुंबळ त्याला दिली. लुगड्याच्या तुकड्याची, घामानं काळवंडलेली.

दुसरं चित्र २००१मध्ये आलं. तीच बाई, तीच भट्टी. ती आता पाहणाऱ्याकडे बघत नाही. नजर चार पावलं पुढच्या जमिनीवर आहे, मानेच्या दोन्ही शिरा ताठ आहेत, आणि फळीखाली निळ्या चिंधीची गोल चुंबळ. चित्रासोबत मावशींची चुंबळही परत आली. ती मी त्या दोन चित्रांच्या मधोमध खिळ्याला टांगली.

पुढची नऊ चित्रं त्या चुंबळीच्या साक्षीनं निवडली. फलाटावर उभ्यानं डबा खाणारा हमाल, आरशात गिऱ्हाईकाकडे पाहणारा न्हावी, पुस्तकावरच झोपलेली मुलगी. नियम साधे ठेवले. शक्यतो चित्रकाराच्या हातूनच घ्यायचं, हप्ते ठरवून पाळायचे. नाव, साल, माध्यम, माप यांची त्याच्या सहीची नोंद जपायची. घेण्याआधी त्या कामातल्या कुणाला तरी चित्राचा फोटो दाखवायचा.

औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं संग्रहालय पाहिलं तेव्हा रविवर्मा, धुरंधर यांच्या कामापुढे मान झुकली. ती राजाची ऐपत होती. माझ्या मनाला बळ दिलं ते सुधीर पटवर्धनांच्या चित्रांनी. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून नोकरी-व्यवसाय करत त्यांनी कामगारांची, लोकलची, चहाच्या हॉटेलांची शरीरं रंगवली. २०१९-२०च्या हिवाळ्यात मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा दोनदा जाऊन आले. त्यांचं चित्र घेणं मला शक्य नाही. पण थकलेल्या खांद्याकडे किती वेळ पाहावं हे मी तिथं शिकले.

एका पावसाळ्यात भीतीपोटी मी सगळी चित्रं पेटीत बंद केली होती. बाहेर काढली तर पांढरे रंग पिवळट पडलेले. मुंबईतल्या एका जाणत्या चित्रकारानं सांगितलं, जवसाचं तेल अंधारात पिवळं होतं. थेट ऊन नको, पण दिवसाचा उजेड दाखवा. काही आठवड्यांत रंग बराच निवळला. तेव्हापासून चित्रं भिंतीवरच असतात आणि दार उघडं असतं.

दर वर्षी आठवीच्या मुलींना मी घरी बोलावते, त्या दोन चित्रांपुढे उभं करते आणि विचारते, यातलं चुकलेलं कुठलं? पूर्वी क्षणात बोट जायचं. "पहिलं, बाई. चुंबळ नाही." अलीकडे नळ आलेल्या पाड्यांतल्या काही मुली गोंधळतात. कुणी म्हणतं पहिलंच छान, ती आपल्याकडे बघते आहे. त्यांना चूक दिसत नाही, याचा मला आनंद होतो. त्यांच्या मानेला ती चूक शिकावी लागलेली नाही. मावशी असत्या तर त्यांनाही झाला असता.

गेल्या वर्षी एकीनं विचारलं, "बाई, चुंबळ म्हणजे काय?"

मी खिळ्यावरची चुंबळ काढली, तिच्या डोक्यावर ठेवली आणि वर पाण्यानं भरलेला लहान हंडा. मैत्रिणीनं मागून हाक मारली. मुलगी वळली, पाय, कंबर, खांदे, सगळं एकदम. मान तशीच सरळ होती.