ओसाड जागेचा सातबारा

लॉस एंजेलिसहून पूर्वेकडे निघालं आणि मोरोंगोचा चढ चढून वर आलं की युका व्हॅली, जॉशुआ ट्री अशी गावं मागे पडत जातात. मग येतं ट्वेंटीनाइन पाम्स. मोहावे वाळवंटातलं हे गाव एका नजरेत मावत नाही, कारण त्याला मध्य असा नाहीच. क्रिओसोटची झुडपं एकमेकांपासून अंतर राखून उभी असतात, आणि घरंही तशीच. पाणी कमी असलं की शेजार परवडत नाही. पाऊस वर्षाला जेमतेम चार इंच, तोही लहर लागली तर. पण तो पडून गेला की झुडपांचा जो उग्र, औषधी वास सुटतो, तो माणसाला दिवसभर सोडत नाही.

डोंगरात सोन्याच्या खाणी होत्या. तरी हे गाव मुख्यतः दमलेल्या फुप्फुसांसाठी वसलं. पॅसाडीनाचे डॉक्टर जेम्स लकी यांच्याकडे पहिल्या महायुद्धातले, विषारी वायूने छाती जळलेले सैनिक उपचारांसाठी येत. यांना कोरडी, स्वच्छ हवा हवी, फार उंची नको, फार थंडीही नको. लकींनी शोधून शोधून ही जागा पक्की केली आणि 1920च्या दशकात एकेकाला इकडे धाडलं. सरकारी कायद्याने 160 एकर मिळत. तिथे राहून, घर बांधून, जमीन कसून दाखवायची, मग कागद हाती. ज्यांना चार पावलं चालताना धाप लागते, त्यांनी विहिरी खणाव्यात असा हा व्यवहार! पण त्यांनी तो निभावला, आणि 1927 मध्ये मुलांसाठी शाळाही उभी केली.

त्याच सुमारास बिल आणि एलिझाबेथ कॅम्पबेल हे जोडपं आलं. बिलची छाती वायूने पोखरलेली. पाणवठ्याच्या पाम झाडांखाली तंबू ठोकून त्यांनी सुरुवात केली, पुढे दगडी घर बांधलं. एलिझाबेथ रानात भटकायची आणि दगडी हत्यारं, खापरं गोळा करायची. छंदाचा अभ्यास झाला. 1935 मध्ये पिंटो खोऱ्यावरचं तिचं संशोधन प्रसिद्ध झालं. आज जिथे वाळू आहे तिथे एके काळी नदी वाहत होती आणि तिच्या काठाने माणसं राहत होती, असं तिने मांडलं. मला या बाईचं फार कौतुक वाटतं. ती स्वतः गावाच्या पहिल्या वसाहतकारांत मोजली जाते. आणि आपल्याआधी इथे कोण कोण होतं, याचे पुरावे तीच गोळा करत होती.

इतक्या मागे जायचीही गरज नव्हती. पाणवठ्यावरचे, गावाला नाव देणारे पाम इथल्या मूळ सर्रानो लोकांनी लावले. मुलगा जन्मला की एक झाड, पहिल्याच वर्षी 29, असं परंपरा सांगते. पुढे चेमेह्वेवी जमातीचे लोकही त्या पाण्याशेजारी येऊन राहिले. सरकारने त्यांनाही 160 एकर दिले, फक्त त्यात तो पाणवठा नव्हता. 1909 मध्ये त्यांचे वडीलधारे विल्यम माइक यांचा बॅनिंगजवळ खून झाला, त्यासाठी विली बॉय नावाच्या तरुणाचा वाळवंटभर पाठलाग झाला, आणि 1913 पर्यंत ती वस्ती उठली. म्हणजे सैनिकांना दिसलेलं ओसाडपण दहा-बारा वर्षांचंच होतं. पहिले वसाहतकार म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, त्यांच्या कष्टांना यामुळे उणेपणा येत नाही. ‘पहिले’ मात्र खोडावं लागतं.

1938 मध्ये आणखी एक कायदा आला. पाच-पाच एकरांचे तुकडे, शेतीची अट नाही, नुसती छोटी झोपडी बांधा आणि जमीन स्वस्तात घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरातले कारकून, कामगार शनिवार-रविवारी पत्रे आणि फळ्या घेऊन येऊ लागले. पाणी नाही, वीज नाही. कागद मिळाला, हौस फिटली, आणि पुष्कळांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. वंडर व्हॅलीत त्या खोल्या अजून दिसतात. दारं गेलेली, छप्पर वाऱ्याने उचकटलेलं. कित्येक प्रशासनाने पाडल्या, काही चित्रकारांनी घेतल्या, काही आता शांतता शोधणाऱ्या पर्यटकांना रात्रीच्या भाड्याने मिळतात. पाण्याचा टँकर बऱ्याच ठिकाणी अजूनही मागवावा लागतो.

दरम्यान 1952 पासून गावाच्या उत्तरेला मरीन सैनिकांचा प्रचंड तळ आहे, आणि दुकानं, न्हाव्यांच्या खुर्च्या, भाड्याची घरं त्याच्या जोरावर चालतात. चेमेह्वेवींच्या वंशजांनी त्या जुन्या 160 एकरांवरचा हक्क सोडला नव्हता. 2014 मध्ये त्यांनी गावात टॉर्टॉइज रॉक नावाचा कॅसिनो उघडला.