लातूर टु ग्लेशियर, व्हाया घर-गाडी

"यंदा सुट्टीत कुठे?" ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये विचारून बघा. उत्तरं ठरलेली असतात. गोवा, मनाली, बोनस बरा झाला तर बाली. अलास्काचं नाव निघालंच तर ते क्विझमध्ये! पण अमेरिकेत नोकरी करणारी मराठी मुलं आई-बाबांना नायगारा आणि डिस्नेलँड दाखवून झालं की हल्ली हळूच उत्तरेकडे वळतात. आमच्या दादानेही तेच केलं. तो सिअ‍ॅटलला असतो. गेल्या जूनमध्ये त्याने लातूरहून आई-बाबांना आणि मला बोलावून घेतलं, अँकरेजला आरव्ही भाड्याने घेतली आणि आमची वरात निघाली.

आरव्ही म्हणजे चाकांवरचा वन बीएचके. पलंग, गॅस, फ्रिज, शॉवर, संडास, सगळं आत. आईने पहिल्याच संध्याकाळी त्या टीचभर ओट्यावर पिठलं टाकलं आणि गाडी आपली झाली! या घराला तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची आणि एक संडासाची. आमची स्वच्छ पाण्याची टाकी साधारण दीडशे लिटरची होती. चार माणसांना दीड दिवस पुरेल, मग भरून घ्या, असं गाडी देणाऱ्या मुलाने बजावलं.

आईने ती तीन दिवस पुरवली.

भाजी धुतलेलं पाणी टबात, तेच पुढे फ्लशला. शॉवर बंद, आंघोळ मगाने. दादा म्हणाला, "अगं आई, पुढच्या कॅम्पग्राउंडवर नळ आहे, वाट्टेल तेवढं पाणी मिळेल." आई म्हणाली, "असू दे की. आहे म्हणून सांडायचं का?"

ज्यांनी 2016 चं लातूर पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊन भांडणं नकोत म्हणून प्रशासनाने जमावबंदी लावली होती. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. मी तेव्हा कॉलेजात होते. ती गाडी बघायला लोक जमले होते, तसे आमच्याकडे एरवी पाहुण्यांसाठीसुद्धा जमत नाहीत.

छोट्या विमानाशी आमच्या भागाची ओळखही पाण्यातूनच झालेली. 2015 च्या ऑगस्टमध्ये तेव्हाच्या औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, कृत्रिम पावसासाठी विमान उडवलं गेलं. ढग दिसला की पेरणी करायची, असा तो प्रयोग. नंतर 2017 मध्ये उडान योजनेतून नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं. आईचं माहेर नांदेडचं, त्यामुळे तिचा पहिला विमानप्रवास तोच. सत्तरेक सीटचं, पंख्याचं एटीआर. "केवढंसं आहे हे!" असं ती तेव्हा म्हणाली होती. टॉकीटनामधलं विमान तिने अजून पाहायचं होतं!

टॉकीटना हे हजारेक वस्तीचं गाव. अँकरेजहून गाडीने दोन-अडीच तास. तीन नद्या तिथे एकत्र येतात, सुसित्ना, चुलित्ना आणि टॉकीटना. बर्फाने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे पाणी सिमेंट कालवल्यासारखं राखाडी. डेनाली चढणारे गिर्यारोहक इथूनच विमानाने बेस कॅम्पला जातात. डेनाली म्हणजे 6,190 मीटरचं उत्तर अमेरिकेतलं सर्वोच्च शिखर. 2025 पासून अमेरिकी सरकारच्या कागदोपत्री ते पुन्हा माउंट मॅकिन्ली झालंय, पण गावातला माणूस डेनालीच म्हणतो.

बर्फावर विमान उतरवण्याचं वेड इथे जुनं आहे. 1932 मध्ये जो क्रॉसन या वैमानिकाने डेनालीच्या मल्ड्रो ग्लेशियरवर विमान टेकवलं. नंतर टॉकीटनाच्या डॉन शेल्डनने तर याचा धंदाच केला. रूथ ग्लेशियरच्या मधोमध एका खडकावर त्याने जमीन मिळवली आणि 1966 मध्ये छोटंसं सहा कोनी घर बांधलं. ते आजही तिथे आहे.

आमचं विमान होतं ऑटर. कॅनडात बनलेलं, पन्नासच्या दशकातलं मॉडेल, दहाएक माणसांचं. चाकांना स्की जोडलेल्या. धावपट्टीवर चाकं, बर्फावर स्की, वैमानिक हवेतच अदलाबदल करतो. चढण्याआधी प्रत्येकाचं वजन विचारतात, कारण विमानाचा तोल त्यावर ठरतो. "वजन काय असं चारचौघांत विचारायचं?" आई कुजबुजली आणि चार किलो कमी सांगितलं. दादाने काउंटरवर जाऊन गुपचूप आकडा दुरुस्त केला!

मग बुटांवर घालायला मोठे रबरी बूट मिळाले, कानांना हेडफोन, आणि उडालो.

आधी हिरवं जंगल, मग नद्यांच्या वेण्या, मग अचानक झाडं संपली. धुळीच्या पट्ट्यांची एक पांढरी नदी खाली दिसू लागली. हाच रूथ ग्लेशियर. गोठलेला असला तरी थांबलेला नाही, दरीतून रोज सुमारे एक मीटर पुढे सरकतो. त्याची ग्रेट गॉर्ज नावाची दरी जेमतेम दीड किलोमीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या भिंती, बर्फापासून पाचेक हजार फूट उंच. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून मोजलं तरी 1,646 मीटर, म्हणजे 5,400 फूट. जवळजवळ तेवढी उभी भिंत खिडकीबाहेर आणि आपण तिच्या मधून! आईने माझा हात धरला होता. बांगड्या रुतल्या, पण मी काढून घेतला नाही.

हेडफोनमधून वैमानिकाने सांगितलं, दरीत बर्फाची खोली सुमारे 3,800 फूट मोजली गेलीय. बाबा गणिताचे रिटायर्ड मास्तर. त्यांनी खिशातून विमानाच्या पावतीचा कागद काढला आणि त्यावर हिशेब सुरू.

विमान एक वळण घेऊन शेल्डनच्या नावाच्या अ‍ॅम्फिथिएटरमध्ये शिरलं. पांढऱ्यावर पांढरं, जमीन कुठे सुरू होते तेच कळेना. आधीच्या विमानांच्या स्कीच्या रेघा तेवढ्या दिसत होत्या. उतरताना चढाच्या दिशेने उतरतात, म्हणजे वेग आपोआप कमी होतो. उडताना उताराकडे. टेकलो ते कळलंसुद्धा नाही. इंजिन बंद झालं.

आणि आवाजच संपला. पक्षी नाही, पान नाही, हॉर्न तर नाहीच. लांब कुठेतरी बर्फ कोसळल्याचा गडगडाट झाला, तेवढाच.

बाबांनी कागद पुढे केला. "बघ बाळा. दरीत सगळ्यात खोल जागी एका चौरस मीटरखाली जेवढा बर्फ आहे, तो वितळवला तर साधारण दहा लाख लिटर. लातूरच्या पहिल्या दोन गाड्या." एक चौरस मीटर म्हणजे किती? आमच्या दारातल्या तुळशीवृंदावनाएवढी जागा.

आई वाकली, मूठभर बर्फ घेतला आणि तो वितळेपर्यंत ओंजळ तशीच धरून उभी राहिली. मग ते पाणी तिने खाली नाही टाकलं. डोळ्यांना लावलं, चेहऱ्यावरून फिरवलं. "एवढं पाणी, आणि नुसतं पडून आहे की गं," एवढंच म्हणाली.

पण नुसतं पडून कुठे राहिलंय? अलास्कातल्या हिमनद्यांनी 2000 ते 2019 या काळात दर वर्षी सरासरी सहा हजार कोटी टनांहून जास्त बर्फ गमावला. ज्या धुराने, ज्या उष्णतेने हे होतंय त्यात आपल्या एसी ऑफिसांचा आणि आमच्या विमानाचाही वाटा आहेच. लातूरच्या मुलीला पाणी संपताना कसं दिसतं ते माहीत होतं. इथे ते संपताना इतकं देखणं दिसतं, हे नवीन होतं.

त्या रात्री कॅम्पग्राउंडवर अकरा वाजता लख्ख ऊन होतं. दादाने बरेच दिवस मनात असलेलं विचारलं, "आता इकडेच या ना कायमचं." मी श्वास रोखून बसले. कारण ते 'हो' म्हणाले असते तर लातूर माझ्यासाठी नुसता पत्ता उरला असता. बाबांनी आईकडे पाहिलं. आई भांडी पुसत म्हणाली, "येत जाऊ रे वर्षा-दोन वर्षांनी. पण नळाच्या दिवशी टाक्या भरायला घरी कुणीतरी लागतंच की." दादा हसला नाही. उठला आणि तिच्या हातातलं फडकं घेऊन स्वतः भांडी पुसू लागला.

तुम्हालाही जायचंय? मग हे लक्षात ठेवा. मे अखेर ते ऑगस्ट हा बरा काळ. लँडिंगसहित उड्डाणाला माणशी चारशे डॉलरच्या पुढे धरा. डेनाली दहापैकी तीनच दिवस दर्शन देतो, त्यामुळे टॉकीटनाला एक दिवस हाताशी जादा ठेवा. ढग असले तर विमान उडत नाही, हुज्जत घालू नका. गॉगल मस्ट, बर्फावर डोळे दिपतात. वजन खरं सांगा! आणि आरव्हीची टाकी भरून घेण्याआधी एकदा आईला विचारा, अजून किती दिवस पुरेल ते.