मिन्समिअरचे पाणी

सफोकच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता शेवटी इतका चिंचोळा होतो, की समोरून ट्रॅक्टर आला तर गाडी झुडपांच्या कुंपणात दाबून धरावी लागते. अशा रस्त्याला शेजारी पक्षीवेडी मैत्रीण हवी. काचा खाली, रेडिओ बंद, आणि बोलता बोलता एकदम, "थांब गं!" मे महिन्यात हॉथॉर्न पांढऱ्या फुलांनी लवलेला असतो. शेंड्यावर व्हाइटथ्रोट खरखरत्या गळ्याने गात असतो. चंडोल दिसत नाही, त्याचे गाणे मात्र आभाळातून अखंड झरत राहते.

या रस्त्याच्या टोकाच्या मिन्समिअर पक्षी अभयारण्यात आम्ही आलो ते उचाट्यासाठी. काळापांढरा, निळसर पायांचा, वर वळलेल्या चोचीने उथळ पाणी डावी-उजवीकडे कापत चालणारा. हिवाळ्यात भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर आम्ही दोघींनी तो पाहिलेला; पण तिथे तो पाहुणा. इथे त्याचा संसार आहे. बोटभर पिल्ले चिखलात धावतात आणि आईबाप अंगावर येणाऱ्या बदकालाही पिटाळून लावतात.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये तो घरटी करेनासा झाला होता. दलदली उपसून शेते झाली, अंडी पळवली गेली, बंदुका चालल्या. त्याला परत आणले युद्धाने. जर्मन फौजा उतरतील या धास्तीने 1940 साली इथली कुरणे मुद्दाम पाण्याखाली घातली. दक्षिणेला हॅवरगेट बेटावरही पाणी शिरले. 1947 मध्ये दोन्ही ठिकाणी उचाट्यांनी अंडी घातली. बातमी गुप्त ठेवून लोकांनी पहारे दिले. पुढे इथले रक्षक बर्ट ॲक्सेल यांनी उथळ तळी खोदली, बेटे रचली, दारे बसवून पाणी आटोक्यात ठेवले. मला हे काम फार मोठे वाटते. युद्धाने नकळत दिले, ते या माणसाने जाणून जपले.

बोरूच्या बनातून बिटर्न घुमला. रिकाम्या घागरीच्या तोंडाशी फुंकर घालावी तसा खोल आवाज. दिसला मात्र नाही. 1997 साली साऱ्या ब्रिटनमध्ये असे घुमणारे 11 नर उरले होते. बोरूची बने पुन्हा ओली केली, नवी लावली. आज ते दोनशेच्या पुढे आहेत.

बनापलीकडे साइझवेल अणुवीज केंद्राचा पांढरा घुमट दिसतो. शेजारी नवे केंद्र उभे राहते आहे. "वीज लागणारच ना गं," मैत्रीण म्हणाली. लागणारच. पण इथले पाणी वीतभर चढले तर घरटी बुडतात, उतरले तर कोल्हा चालत येतो. शेजारच्या खोदकामाने हे गणित बिघडू नये, एवढा हट्ट मला धरावासा वाटतो. डनिचपर्यंत आम्ही यावरच वाद घातला. मध्ययुगातले हे मोठे बंदर समुद्राने गिळले. आता उरले आहे ते लहानसे गाव. तिथे चहा पिताना तिने नकाशा पसरला आणि नॉर्फोकमधल्या क्लायवर बोट ठेवले: 1926 साली पक्ष्यांसाठीच विकत घेतलेली दलदल. मी लगेच हो म्हटले.