कचेरीपुढची जागा

तालुका मुळशी, कचेरी मात्र पौडला. त्यामुळे घरातलं कुणी ‘पौडला जाऊन येतो’ म्हणालं की कागदाचं काम आहे हे न सांगता कळायचं.

मी पहिल्यांदा गेलो तो आजोबांचं बोट धरून. त्यांना एका जुन्या फेरफाराची नक्कल हवी होती. काम लवकर झालं, पण परतीची एसटी संध्याकाळची. मग अख्खा दिवस कचेरीपुढच्या मोकळ्या जागेत. एका बाजूला स्टॅम्पवाला, शेजारी टाइपरायटर बडवणारा, पलीकडे चहा. सावलीला टोप्या घातलेली माणसं. बांधावरून कोर्टात भांडणारे भाऊ इथं एकाच फडक्यातली भाकरी खायचे. एसटी दोघांचीही संध्याकाळचीच होती ना! माझ्या आत्याची सोयरीक याच जागेत जुळली.

नक्कल पिशवीत घालताना मी विचारलं, “जमीन आपलीच आहे, मग हे कशाला?” आजोबांनी धरणाकडे हात केला.

मुळा-नीलेच्या संगमावर टाटांचं धरण व्हायचं होतं. 16 एप्रिल 1921ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे बांधकामावर जाऊन बसले. पन्नासेक गावांचा प्रश्न होता. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. पोरंबाळं घेऊन बायाही तुरुंगात गेल्या. पण बऱ्याच जमिनी कसणारा मावळा आणि कागदावर नाव पुण्याच्या सावकाराचं. सावकारांना भरपाई पटली, आणि लढ्याची कंबर तिथंच मोडली. 1927पासून मुळशीचं पाणी घाट उतरून भिऱ्याला वीज करतंय. आजोबा तेव्हा पोर होते. त्यांनी त्यातून एवढंच उचललं: कागद आपल्याकडे पाहिजे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या माणसाची पत्र्याची पेटी नकलांनी भरलेली असायची.

वडील गेल्यावर वारसनोंदीसाठी मी एकटा गेलो. जागा तीच, बोलणं मात्र बदललेलं. हिंजवडी आमच्याच तालुक्यात. तिथं आयटी पार्क आलं, पिरंगुटला कारखाने उभे राहिले, आणि एकराच्या भाषेत बोलणारी माणसं गुंठ्यात बोलायला लागली. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, कानाला फोन. आजोबा जमीन राखायला नक्कल काढायचे. आता तोच कागद ती विकायला लागत होता. 2018मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट आला तेव्हा पुण्यातल्या मित्रांना तो भडक वाटला. मला त्यातल्या गोळीबारापेक्षा जमीन विकून वॉचमन झालेला बाप जास्त ओळखीचा वाटला.

त्याच वर्षी, 1 मे रोजी, डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. आता घरबसल्या मोबाइलवर निघतो. सोय झाली, यात वाद नाही. तरी परवा पौडवरून जाताना गाडी वळवलीच. सावलीच्या जागेत मोटारी उभ्या होत्या. भाकरी सोडून बसलेलं कुणी दिसलं नाही. आता ज्याची त्याची गाडी, एसटीची वाट कोण बघतो? चहा घेऊन तिथंच रेंगाळलो.

“काय काम काढलंत?” शेजारच्यानं विचारलं.

“काही नाही, सहज.”

त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “किती गुंठे आहेत?”