त्रिरश्मीवरील यवन

प्राचीन ग्रीकांचें नांव काढलें कीं आपल्या सुशिक्षित मंडळींच्या डोळ्यांपुढें अथेन्स उभें राहतें. सॉक्रेटीसाचा विषाचा पेला, पेरिक्लीझची लोकसभा, आरिस्टॉटलची पाठशाळा हीं चित्रें शालेय पुस्तकांनीं आपल्या मनावर ठसविलेलीं असतात. या चित्रांतला ग्रीक नेहमीं समुद्रापलीकडे असतो. परंतु आम्हां नाशिककरांस त्याची ओळख करून घेण्यास फार दूर जावयास नको. शहराच्या नैर्ऋत्येस दोन-अडीच कोसांवर जो त्रिरश्मी डोंगर आहे, तेथील पांडवलेण्यांत त्याच्या नांवाचा दगडी कागद आजहि वाचावयास मिळतो.

यांतील सतरावें लेणें ज्यानें खोदविलें, तो इंद्राग्निदत्त नांवाचा गृहस्थ आपणांस ‘यवन’ म्हणवितो. तो उत्तरेकडील दत्तामित्री गांवचा. डिमिट्रिअस नामक ग्रीक राजाच्या नांवावरून त्या गांवास हें नांव पडलें असावें, असा विद्वानांचा तर्क आहे. बापाचें नांव धर्मदेव, मुलाचें धर्मरक्षित. मुलास बरोबर घेऊन, आईबापांच्या पुण्यार्थ त्यानें हें लेणें, आंत एक चैत्यगृह व पाण्याचीं टांकीं करविलीं आणि चारी दिशांच्या भिक्षुसंघास अर्पण केलीं. ओसरीच्या खांबांवर स्वारांसह हत्ती कोरलेले आहेत. आम्ही हा लेख प्रथम वाचला तेव्हां त्यांत झ्यूसचें किंवा अथीनाचें नांव शोधीत होतों. आढळली ती आपल्याच घरांत शोभेल अशी मातृपितृभक्ति. आणि हा एकटाच अपवाद आहे असेंहि नाहीं. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील खांबांवर व जुन्नरच्या लेण्यांतहि यवन दात्यांचीं नांवें आहेत.

‘यवन’ हा शब्द मूळचा आयोनिया या ग्रीक प्रांताच्या नांवाचा. इराणांतून तो इकडे आला. पुढें तो कोणाहि परक्यास, व विशेषतः मुसलमानांस लावूं लागले. शब्दाची ही कटुता सर्वस्वीं नंतरची आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. याच डोंगरावरील तिसऱ्या लेण्यांत, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्याची आजी गौतमी बलश्री हिनें आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची थोरवी कोरविली आहे. त्यानें शक, यवन व पह्लव यांचा नाश केला आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, असें ती माता अभिमानानें सांगते. म्हणजे एकाच डोंगरावर एका शिळेवर यवनांचा संहार, तर दुसऱ्या शिळेवर यवनाचें दान! एक राजघराण्याची भाषा, दुसरी गृहस्थाची. पोथ्यांत आपण बहुधा पहिलीच वाचतों.

राजभाषेंतहि हा विरोध सर्वत्र टिकला नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें १९०६ सालीं तेरा हजारांवर चांदीचीं नाणीं सांपडलीं. तीं क्षहरात नहपानाचीं असून त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर विजयी सातकर्णीनें आपला छाप पुन्हा मारला आहे. नहपान शक होता, शब्द प्राकृत होते, पण त्याच्या नाण्यावरील एक लेख ग्रीक अक्षरांत होता. सातकर्णीनें शत्रूचा मुखवटा झांकला. नाणें वितळविलें नाहीं.

आतां अथेन्सकडे पाहूं. तेथील प्रजासत्ताक जगास ललामभूत झालें हें खरें. पांचशें सभासदांचें मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडीत, आणि सामान्य नागरिकहि सभेंत उभा राहून बोलूं शके. परंतु इ.स.पूर्व ४५१ मध्यें पेरिक्लीझनें नियम करविला कीं आई व बाप दोघेंहि अथेन्सचीं असतील तरच मूल नागरिक. बाहेरून येऊन राहिलेल्यास कर द्यावा लागे, पण मताचा अधिकार नसे. विशेष परवानगीवांचून जमीनहि घेतां येत नसे. आरिस्टॉटल हा असाच उपरा. पेरिक्लीझची सहचरी अस्पाशिया ही आयोनियांतील मिलेटसची, म्हणजे अक्षरशः यवनी. औरस पुत्र सांथींत दगावल्यावर तिच्यापासून झालेल्या मुलास नागरिकत्व मिळावें म्हणून पेरिक्लीझला आपल्याच कायद्यांतून सवलत मागावी लागली.

यावरून आपण थोर व ते कोते असा निवाडा करावयाचा नाहीं. संघास दान देणें व राज्यकारभारांत मत देणें या गोष्टी एक नव्हेत. आणि जातींच्या भिंतींत राहिलेल्यांनीं अथेन्सला हंसणें शोभत नाहीं. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, अथेन्सनें माणूस कोणाच्या पोटीं आला हें विचारलें. त्रिरश्मीवरील भिक्षुसंघानें त्यानें काय आणून दिलें तेवढेंच पाहिलें, आणि त्याचें परकेंपण न लपवितां शिळेवर लिहूं दिलें. नाशिक हें यात्रेकरूंचें व बाहेरून येऊन वसलेल्यांचें गांव; आज कारखान्यांमुळें तर अधिकच. ‘हा मूळचा कोठला?’ हा प्रश्न आपल्या ओठांवर फार लवकर येतो. तो विचारण्यापूर्वीं त्या यवनानें डोंगरांत खोदविलेल्या पाण्याच्या टांक्यांची आठवण ठेवावी. तेथें तहान भागविणाऱ्यास कोणीं गांव विचारलें नसेल.